कोल्हापुरातून परदेशी अर्थशास्त्र शिकायला जाताना : आपापले अनुभव लिहूया

गेल्या महिन्यात सुट्टीला घरी आले होते. शाहूपुरीत एका मैत्रिणीकडे गेले, तर तिचा धाकटा भाऊ वही-पेन घेऊनच बसला होता. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय अर्थशास्त्र. पहिलाच प्रश्न, "ताई, पीएचडीला बाहेर जायचं तर एक कोटी लागतात म्हणे, खरंय?" बारा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी मला हेच विचारलं होतं आणि उत्तर देणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. मधल्या काळात आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं या वाटेनं गेली, पण प्रत्येकानं पहिल्यापासून सगळं एकट्यानं शोधलं. हे मला फार लागलं. म्हणून हा धागा काढतेय.

प्रवेश मिळालेल्यांनी लिहा, न मिळालेल्यांनी तर नक्की लिहा. आईवडिलांनी लिहा, शिक्षकांनी लिहा. विद्यापीठाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, पण कुठं अडलं ते सांगा. पैशांचा आकडा सांगायला संकोच करू नका, घराघरात तोच प्रश्न आधी येतो.

खरं तर कोल्हापूरला ही वाट नवी नाही. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मार्च १९२० मध्ये आपल्या माणगावला परिषद झाली, शाहू महाराज स्वतः आले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. साठवलेला पगार, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि महाराजांची मदत, अशी ती पुंजी होती. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. अर्थशास्त्र शिकायला समुद्रापार जाणाऱ्याच्या खिशात कोल्हापूरचे पैसे होते, ही गोष्ट मी अर्ज भरताना मनात धरून होते.

आता माझं सांगते. मी राजारामपुरीची. बी.ए., एम.ए. दोन्ही इथंच, गुण भरपूर. एम.ए. होताच अमेरिकेत नऊ ठिकाणी पीएचडीचे अर्ज केले. नऊ नकार. नकाराच्या मेलमध्ये कारण नसतं. पुढं एका ओळखीच्या संशोधकांना माझी गुणपत्रिका दाखवली, त्यांनी दोन मिनिटांत विचारलं, "यात गणित कुठाय?" खरंच नव्हतं. तिथं अर्ज वाचणारे आधी तेच शोधतात : कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, आणि जमल्यास रिअल अॅनालिसिस. पहिल्या वर्षी मायक्रो, मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासायचं शास्त्र) हे तिन्ही विषय सिद्धतांच्या भाषेतच शिकवतात, आणि वर्षाअखेरच्या परीक्षेत दोनदा गळालं तर बहुतेक ठिकाणी परत यावं लागतं. आपल्याकडं बी.ए. अर्थशास्त्र म्हणजे योजना, आयोग आणि व्याख्या. तेही महत्त्वाचं आहे, पण त्या दारातून आत जायला ते पुरत नाही. जीआरई म्हणजे बाहेरच्या प्रवेशासाठीची परीक्षा, तिच्यात क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, माझे १७० पैकी १६१ होते. मला तो आकडा चांगला वाटला होता. अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी तो कमी आहे.

आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर राहतात. रोज सकाळी सहाला त्यांच्याकडे जायला लागले. एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे कॅल्क्युलसमधली मर्यादेची काटेकोर व्याख्या, कळायला मला तीन आठवडे लागले, सरांनी एकदाही आवाज चढवला नाही. आठ महिने शिकवलं, फी घेतली नाही, काकूंचा चहा वर. त्याच वर्षी बी.एस्सी.च्या गणिताचे दोन पेपर बाहेरून दिले, म्हणजे अर्जात दाखवायला कागद झाला. दुसऱ्या खेपेला क्वांट १६९, चौदा अर्ज, दोन ठिकाणांहून फंडिंगसह बोलावणं.

एक कोटीचं उत्तर इथं देऊन टाकते. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएचडीला बहुतेक वेळा फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवायला किंवा संशोधनाला मदत करायची. पाच-सहा वर्षं लागतात. कोटीचा हिशोब मास्टर्सचा असतो, पीएचडीचा नाही. घरात हा फरक कुणालाच माहीत नसतो आणि तिथंच कितीतरी मुलींचं थांबतं. मात्र अर्जांचा खर्च खरा आहे. एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर. परीक्षा धरून माझे त्या वर्षी सव्वा लाख गेले. काही ठिकाणी फी माफ करतात, पण मागावी लागते. मी पहिल्या वर्षी मागितली नाही, लाज वाटली.

अर्ज डिसेंबरात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि फंडिंगसह आलेल्या ऑफरला उत्तर १५ एप्रिलपर्यंत. आता तुम्ही लिहा.

गडहिंग्लज, निवृत्त प्राध्यापक

ताईंनी शिक्षकांना लिहायला सांगितलं म्हणून लिहितो. एक चूक कबूल करायची आहे.

२०११ साली एका विद्यार्थिनीनं शिफारसपत्र मागितलं. मी लिहिलं, 'सदर विद्यार्थिनी सुशील, होतकरू व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे. तिच्या भावी वाटचालीस शुभेच्छा.' खाली सही, गोल शिक्का. मी मनापासून लिहिलं होतं. तिला कुठंच प्रवेश मिळाला नाही. काही वर्षांनी बाहेर शिकवून आलेल्या एका स्नेह्यानं मला खरं पत्र कसं असतं ते दाखवलं, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. मी तिला वर्तणुकीचा दाखला दिला होता.

पत्र दीड-दोन पानांचं हवं. मी किती वर्षं शिकवतोय, त्यांत हा विद्यार्थी कितव्या जागी, त्यानं कोणतं काम माझ्यासमोर केलं, कुठं चुकला आणि चूक कशी दुरुस्त केली, हे सगळं त्यात यावं लागतं. सोबतच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये विचारतात, हा वरच्या ५ टक्क्यांत, १० की २५? सगळ्यांना ५ म्हटलं तर पुढच्या वर्षी आपल्या पत्राला किंमत राहत नाही.

पण काम पाहिलं नसेल तर शिक्षक लिहिणार काय? शंभराच्या वर्गात तोंड ओळखीचं, एवढंच. म्हणून पुढं मी पत्र मागणाऱ्याला एक काम द्यायला लागलो. मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून हंगाम संपेपर्यंत गुळाची रोजची आवक आणि दर लिहून काढ, आवक वाढली की दर किती पडतो ते मोज, आणि तुझं गणित कुठं फसतं ते सांग. एका मुलानं सांगितलं, "सर, दर पडला की शेतकरी गूळ आणतच नाहीत. मग आवकीमुळं दर की दरामुळं आवक?" इकॉनोमेट्रिक्समधला हा मूळ प्रश्न त्याला गुळाच्या ढेपांनी शिकवला. त्याच्या पत्रात मी हे वाक्य जसंच्या तसं घातलं.

आणखी एक. विद्यापीठं शिक्षकाचा संस्थेचा ईमेल मागतात, साधा जीमेल असला की शंका घेतात. आमच्याकडं तसा पत्ताच नव्हता. प्राचार्यांच्या मागं लागून तो करून घेतला. मुलांनो, सरांना हे सप्टेंबरातच सांगा. आणि पत्र तुम्ही लिहून सरांची सही घ्यायची पद्धत सोडा. चार मुलांच्या पत्रांत तीच वाक्यं आली की वाचणाऱ्याला कळतं.

इचलकरंजी, सध्या जर्मनी

माझं बी.एस्सी. गणित, त्यामुळं ताईंची अडचण मला आली नाही. माझी अडचण उलटी, अर्थशास्त्राचे क्रेडिट कमी. जर्मनीत मास्टर्सला ते मोजून बघतात. दोन विद्यापीठांनी त्यावरच नाकारलं, तिसऱ्यानं घेतलं. अर्ज करायच्या आधी प्रत्येक ठिकाणची ती अट वाचा.

घरात चार लूम, तेही दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर. जर्मनी निवडली कारण बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत. खरा डोंगर ब्लॉक्ड अकाउंटचा. वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच खात्यात भरून दाखवायचा, माझ्या वेळी ११,९०४ युरो. ते पैसे आपलेच, महिन्याला ठरावीक रक्कम परत मिळते, पण एकदम उभे करायचे म्हणजे अकरा लाखांच्या आसपास. मामांनी तीन दिले, आत्यानं दागिने ठेवून दोन, उरलेलं कर्ज. शिवाय व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन दूतावासाच्या विभागाचं, प्रमाणपत्र लागतं. प्रवेशपत्राची वाट बघत बसू नका, ते आधी काढून ठेवा.

गंगावेस, एक आई

मी शिकलेली दहावी. मुलीला इंग्लंडात मास्टर्सला प्रवेश मिळाला, खर्च तीस लाखांच्या वर. एका बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण लागतं म्हणाले. ह्यांनी सातबारा पुढं केला, पावणेदोन एकर ऊस. साहेबांनी हात लावला नाही. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाहीत, कारण हप्ते थकले तर त्यांना ती सहज जप्त करता येत नाही, हे मला तिथं कळलं. घर गुंठेवारीतलं, तेही नको. शेवटी माझ्या भावानं त्याचा फ्लॅट तारण दिला. भावजयीनं एक शब्द काढला नाही, तिचं नाव घेऊन मी रोज अंबाबाईला हात जोडते.

ज्यांची मुलगी आत्ता बारावीत आहे त्यांनी प्रॉपर्टी कार्ड, एन.ए.चे (बिगरशेतीचे) कागद आत्ताच बघून ठेवा. आम्हाला त्या धावपळीत तीन महिने गेले, पोरगी रात्री अभ्यास सोडून आमच्याबरोबर कागद लावत बसायची.

शिरोळ, सध्या मुंबई

मला कुठंच मिळालं नाही. अकरा अर्ज. तरी लिहितो.

माझं एसओपी, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहायचं निवेदन, 'लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड होती' असं सुरू व्हायचं. ते खोटं होतं. खरं हे की आमच्या घरी दर दिवाळीला एकच विषय असायचा, यंदा पहिली उचल, म्हणजे कारखान्याकडून उसाचा पहिला हप्ता, किती. कारखान्याचा दर शेजारच्या कारखान्यापेक्षा शंभरनं कमी का, यावर आबा आणि काका जेवणं थंड होईपर्यंत बोलायचे. मी हे कधी अर्जात लिहिलं नाही, गावंढळ वाटेल म्हणून.

मग गोरेगावला, रिझर्व्ह बँकेनं काढलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एम.एस्सी. करताना एक पेपर हाती आला. २००१ साली जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमीत छापलेला, महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर. लेखक अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे. मांडणी अशी की कारखान्यावर मोठ्या बागायतदारांचं वजन असलं की उसाचा दर खाली ठेवला जातो. कमी दराचा तोटा सगळ्या सभासदांना होतो, पण कारखान्यात राहिलेला पैसा मोठ्यांच्या उपयोगी पडतो. मी तो लायब्ररीत वाचला आणि आबांना फोन केला. आबा म्हणाले, "हे सांगाय अमेरिकेला जायला लागतंय व्हय?" मी म्हटलं, आबा, सांगायला नाही, मोजायला. बॅनर्जींना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आबांनी ते नाव ओळखलं.

आता मी एका प्रकल्पात प्री-डॉक करतोय, म्हणजे पीएचडीआधी दोन वर्षं संशोधकाच्या हाताखाली आकडेवारीचं काम. पगार मिळतो, काम शिकतो, आणि पत्र लिहिणारा माणूस माझं काम रोज बघतो. या डिसेंबरात पुन्हा अर्ज. एसओपीचं पहिलं वाक्य पहिल्या उचलीचं आहे.

शिरोली

छोटंसं. ऑगस्ट २०१९, पुण्यात जीआरईची तारीख, आणि पंचगंगेच्या पुरानं हायवे बंद. आमच्या गावाजवळच ट्रकांची रांग उभी. तारीख बदलायची तर चार दिवस आधी बदलावी लागते, तेवढं सुचलं नाही, घरातलं सामान माळ्यावर चढवत होतो. फी गेली. जुलै-ऑगस्टची तारीख घेऊ नका. आता घरूनही परीक्षा देता येते, पण लाइट जाणार नाही याची खात्री असेल तरच.

कागल, लंडनहून परतलेली

मी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेले. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची योजना, त्यात फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं मिळतं. विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठरलेल्या क्रमांकाच्या आत लागतं, त्या वर्षीची जाहिरात ओळ न ओळ वाचा. जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आधी हातात हवा. माझ्या एका मैत्रिणीची पडताळणी एका कार्यालयात महिनोनमहिने पडून राहिली, तिचं वर्ष गेलं. तिची तयारी माझ्याहून चांगली होती, हे मला लिहायलाच हवं.

इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षाचं. तिथूनच थेट पीएचडीला अर्ज करू असं ठरवून गेले होते. सप्टेंबरात पोचले, डिसेंबरात डेडलाइन, हातात एकही मार्क नाही, सरांना माझं नाव माहीत नाही. पत्र कोण देणार? मध्ये एक वर्ष धरूनच चला.

वसतिगृहाच्या खोलीत मी महाराजांचा फोटो लावला होता. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं विचारलं हे कोण, आणि मी तिला आपल्या बोर्डिंगांपासून माणगावपर्यंत सगळं सांगत बसले. त्या रात्री पहिल्यांदा मला तिथं परकं वाटलं नाही.

चंदगड, बी.ए. दुसरं वर्ष

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. मी मराठी माध्यमाची. बारावी कला शाखेतून, गणित दहावीनंतर सोडलं. आता सुरू केलं तर उशीर झालाय का? खरं सांगा ताई.

राजारामपुरी

उशीर झालेला नाही, पण अकरावी-बारावीच्या गणितापासून सुरुवात करावी लागेल आणि दीड वर्ष रोज दोन तास द्यावे लागतील. पहिले तीन महिने काही कळत नाही असं वाटेल, मलाही वाटलं होतं. सरांशी आज फोनवर बोलले. त्यांचं वय झालंय, पण म्हणाले, रविवारी येऊ दे तिला. चंदगडहून पहिली एसटी पकडलीस तर अकरापर्यंत पोचशील. दहावीचं बीजगणिताचं पुस्तक आणि एक कोरी वही आण. काकू जेवूनच पाठवतील.