पीक-पाण्याचा खेळ गावात घ्यायचाय, आकडे तपासून द्याल का?

शिवारफेरी
ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद नुसता वाचून दाखवला की लोक माना डोलावतात आणि कांदा लावायचा तेवढा लावतातच. म्हणून आंध्र प्रदेशात भूजलावर जे खेळ घेतले गेले, तसा खेळ रब्बीआधी घ्यायचा आहे. पाच शेतकरी, सामायिक विहीर म्हणजे ५० चिंचोके. हरभऱ्याला १ चिंचोका, नफा २. कांद्याला ३, नफा ५. पिकं ठरल्यावर पावसाचा फासा: १-२ पडले तर विहिरीत २ चिंचोके भर, ३-४ ला ५, ५-६ ला ८. फेऱ्या दहा, एक फेरी म्हणजे एक वर्ष. काही चुकतंय का?

पाणलोट_कार्यकर्ता
दोन गोष्टी चुकतायत. पहिली म्हणजे क्रम. रब्बीचं पीक ठरतं तेव्हा पाऊस होऊन गेलेला असतो, विहीर डोळ्यांना दिसते. दिसत नाही ते शेजारी काय लावणार हे. म्हणून आधी फासा, मग पीक चिठ्ठीवर लिहून पाचही चिठ्ठ्या एकदम उघडा.

दुसरी चूक जास्त घातक आहे. सरासरी भर ५ धरा. सगळ्यांनी कांदा लावला तर पाच वर्षांत विहीर रिकामी, पण प्रत्येकाचा नफा २५. पुढची पाच वर्षं येणाऱ्या भरीवर हरभरा, आणखी १०. एकूण ३५. दहाही वर्षं हरभरा लावणाऱ्याला २०. म्हणजे विहीर उपसणाराच जिंकतो! फेरीअखेर २० च्या खाली चिंचोके राहिले तर प्रत्येकाकडून ३ कापा. हा बोअर, मोटार, टँकरचा खर्च. मग कांदेवाल्याचे सात फेऱ्यांत २१ कापले जातात, हाती १४ उरतात. तीन वर्षं कांदा घेऊन विहीर २० वर असताना थांबलं आणि पुढे हरभरा लावला तर २९ मिळतात, पण फाशावर २ भर आली की तेही घसरतं. थोडी शिल्लक का ठेवायची, हे गटाला स्वतः सापडू द्या. तुम्ही सांगू नका.

कोरडवाहू
फाशापेक्षा आपल्या महसूल मंडळाच्या पावसाचे खरे आकडे चिठ्ठ्यांवर लिहा आणि वर्षांच्या क्रमानेच काढा. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ लागोपाठ कोरडी गेली. चिठ्ठ्या मिसळल्या की अशी जोडी सहसा येत नाही, आणि शेतकरी मोडतो तो दुसऱ्या वर्षी.

पहिल्या तीन फेऱ्या न बोलता, नंतर बोलायची मुभा. विहीर नसलेल्यांनाही बसवा. टँकरची रांग त्यांच्या वाट्याला येते. खेळ संपल्यावर तासभर चर्चेला हवाच. त्याच बैठकीत यंदाच्या विहिरींची पातळी फळ्यावर मांडा.