मदत हवी आहे : एनडीएच्या फॉर्ममध्ये पहिली पसंती कोणती द्यावी?

नमस्कार. मुलगी बारावीला आहे, गणित-फिजिक्स घेऊन. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) फॉर्ममध्ये आर्मी, नेव्ही, एअर फोर्स असा पसंतीक्रम द्यायचाय आणि तिथेच घोडं अडलंय. आम्ही धायरीचे. लहानपणी खडकवासला चौपाटीवर पाण्यात शिडाच्या होड्या दिसल्या की हिच्या हातातलं कणीस तसंच राहायचं, म्हणून मला नेव्ही वाटते. तिला मात्र विमानच उडवायचंय. पायलट निवडीची सीपीएसएस ही कॉम्प्युटरवरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, याचीच धास्ती वाटते. त्यात अडली तर दुसऱ्या पसंतीचा विचार होतो का? शिवाय एनडीएच्या तीन वर्षांनंतर एझिमलाच्या नेव्ही अकादमीतलं आणि दुंडिगलच्या एअर फोर्स अकादमीतलं प्रशिक्षण मुलींना कसं जातं? घरी सैन्यातलं कुणीच नाही. ज्यांची मुलं-मुली तिथे आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.