काजू कारखाना तोट्यात, सोलणीचा दर उतरवावा का? (मदत हवी आहे)

बोर्मावाला, वेंगुर्ला तालुका

मंडळी, छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे. रोज 400 किलो बी फुटते, त्यातून 100 किलोच्या आसपास गर. वर्षाला साधारण 150 दिवस काम. सोलणीला (गरावरची पातळ साल काढायला) बारा जणी, दर किलोला 60 रुपये. अख्खा गर 75 टक्के निघतो. एप्रिल-मेमध्ये वर्षाची 60 टन बी 130 च्या भावाने कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या कर्जावर) उचलली. वाशीच्या व्यापाऱ्याकडे 12 लाख तीन महिने अडकलेत. सोलणीचा दर 15 टक्क्यांनी उतरवला तर कितपत हातभार लागेल? नोटीस द्यावी लागते का?

हिशेबनीस

आधी आकडा मांडा. 60 चे 51 केलेत तर 100 किलोमागे रोजचे 900 वाचतील, वर्षाचे 1 लाख 35 हजार. आता दुसरी बाजू बघा. एकीची आज सव्वाआठ किलोला पाचशेच्या घरात हजेरी पडते. तेवढेच पैसे घरी न्यायचे तर तिला पावणेदहा किलो सोलावं लागेल. मग हात घाई करतो, सुरी गराला लागते, पाकळी (दुभंगलेला गर) आणि तुकडा वाढतो. अख्खा 75 वरून 70 वर आला की रोज 5 किलो माल खालच्या प्रतीत गेला. अख्ख्यात आणि तुकड्यात किलोमागे 200 चा फरक धरा, झाले 1000. म्हणजे वाचवलेले 900 तर गेलेच, वर शंभर पदरचे.

शिवाय सोडून जातात त्या हात बसलेल्याच. ऑक्टोबरनंतर मालवणातली हॉटेलं, पुढे आंब्याच्या पेट्या भरणं, त्यांना काम कुठेही मिळतं. तुमच्याकडे उरतात नवशिक्या.

किलोवरची मजुरी काम कमी झालं की आपोआप कमी होते, तिला कात्री लावून भोक बुजत नाही. भोक साठ्यात आहे. 60 टनाचे 78 लाख. सरासरी निम्मा साठा पडून धरला, तरी 11 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 4 लाख 29 हजार.

कायदा-कानू

नोटिशीबद्दल: दर बदलण्याआधी 21 दिवसांची लेखी नोटीस लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9अ होतं, 2020 च्या संहितेतही तीच अट आहे. दुसरं, काम किलोवर असलं तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये, बायकांनी सही करून दिली तरी. 51 च्या दराने सव्वाआठ किलोचे होतात 421 रुपये. तुमच्या परिमंडळाचा (किमान वेतनासाठी ठरवलेल्या भागाचा) दर विशेष म्हणजे महागाई भत्ता धरून तपासा, तो जानेवारी आणि जुलैत बदलतो. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पीएफची थकबाकीही उकरली जाईल.

वाशीचे 12 लाख मात्र सोडू नका. विक्रीच्या आधीची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) असेल, तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे उधारी चालत नाही, करार नसेल तर 15 दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. थकबाकीचा अर्ज सरकारी पोर्टलवर टाकायच्या आधी व्यापाऱ्याला एवढंच कळवा की वेळेत पैसे न दिल्यास आयकर कायद्याखाली, पैसे प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत ही खरेदी त्याला खर्चात धरता येत नाही. त्याचा सीए उरलेलं समजावेल.

बोर्मावाला

उद्यम नोंदणी 2021 ची आहे. पण अख्खा 75 च्या वर नेता येईल का?

हिशेबनीस

येईल, आणि खरा पैसा तिथेच आहे. बोर्मा (गर सुकवायची भट्टी) 65 ते 70 अंशांवर, सहा ते आठ तास. कमी सुकवलं तर साल चिकटते, जास्त झालं तर गर ठिसूळ होऊन हातातच फुटतो. पावसात ट्रे उघडे ठेवून जेवायला गेलात की गर दमट होतो, म्हणून एका वेळी दोन तासांत सोलून होईल एवढाच माल बाहेर काढा. दर 60 च ठेवा आणि जिचा अख्खा 78 च्या वर जाईल तिला किलोला 2 रुपये जादा द्या. तीन टक्के वाढले तर रोज 600 सुटतात, त्यातले 200 वाटले तरी 400 तुमचे. वजन मात्र तिच्यासमोर करा, पाकळी वेगळी तोलून.