रंगमंचावर लॅपटॉपमधून की-बोर्ड वाजवण्यासाठी मांडणी कशी करावी?

प्रश्न

सुगम संगीताच्या कार्यक्रमांत मी की-बोर्ड वाजवतो. यंदापासून पियानो, स्ट्रिंग्ज आणि नाट्यपदांसाठी ऑर्गन हे सगळे आवाज लॅपटॉपमधून काढायचे ठरवले आहे. विंडोजचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि दोन आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज स्पीकरकडे नेणारे उपकरण) एवढे साहित्य आहे. घरी सर्व ठीक चालते, परंतु तालमीत तीन अडचणी आल्या: मधूनच आवाज तडतडतो, एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना आधीचा सूर तुटतो, आणि गायिकेने ऐनवेळी पट्टी बदलली की माझी सगळी मांडणी विस्कटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तडतडण्यापासून सुरुवात करू. इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने पोहोचवणारा) वापरा. बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवणारी जागा, मोठा ठेवला की तडतड कमी होते, पण विलंब वाढतो. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद आणि २५६ चा म्हणजे ५.८. प्रत्यक्ष विलंब याहून थोडा जास्त असतो, तरीही कार्यक्रमात २५६ वर निर्धास्त वाजवणे मला १२८ वर धास्तावून वाजवण्यापेक्षा केव्हाही पसंत आहे. ध्वनीला एक मीटर अंतर कापायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तीन मीटरवरचा मॉनिटर स्पीकर एका मीटरवर ओढून घेतलात, तर बफर वाढवल्याने गेलेला वेळ भरून निघतो आणि वर थोडा उरतोही.

तालमीआधी वाय-फाय व ब्लूटूथ बंद करा, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. त्यानंतरही तडतड राहिली, तर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम चालवून पाहा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

प्रतिसाद २

सूर तुटतो याचे कारण बहुधा असे, की प्रत्येक गाण्यासाठी आपण वेगळी फाइल उघडता. कँटाबिले किंवा गिग परफॉर्मरसारख्या होस्टमध्ये, म्हणजे असे आवाज एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, पियानो, स्ट्रिंग्ज आणि ऑर्गन एकदाच लोड करून ठेवा, आणि की-बोर्डच्या कोणत्या पट्ट्यांवर कोणता आवाज वाजेल व तो किती मोठा असेल, एवढेच गाण्यागणिक बदला. असे केल्यास ८ जीबीतही बरेच भागते, कारण एकच पियानो दहा वेळा मेमरीत चढत नाही. पुढच्या गाण्याकडे जाताना आधीच्या आवाजाकडे जाणारे नवे सूर तेवढे थांबवायचे. आवाज म्यूट करायचा नाही, म्हणजे दाबून धरलेली स्ट्रिंग्ज बोट उचलेपर्यंत टिकते.

पट्टीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, गाणे आपण पांढरी एकमध्ये बसवले आहे आणि गायिकेला काळी चार, म्हणजे चार अर्धस्वर खालची पट्टी, हवी आहे. ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणे) की-बोर्डवर केले, तर होस्टकडे मुळातच बदललेले सूर पोहोचतात आणि डाव्या-उजव्या हातांची ठरलेली सीमा चार पट्ट्यांनी सरकते. म्हणून की-बोर्डचे ट्रान्सपोज कायम शून्यावर ठेवून आधी होस्टमध्ये स्प्लिट, म्हणजे ही डावी-उजवी विभागणी, करावे आणि त्यानंतर प्रत्येक आवाजाला उणे चार द्यावे. सीमा बोटांखाली होती तिथेच राहते. मात्र सूर दाबलेला असताना पट्टी बदलू नये. काही प्रोग्राममध्ये ‘नोट ऑफ’चा, म्हणजे सूर थांबवण्याचा, संदेश नव्या सुराला जातो आणि जुना सूर अडकून वाजतच राहतो. त्यासाठी सगळे सूर थांबवणाऱ्या ‘ऑल नोट्स ऑफ’ या संदेशाचे (सीसी १२३) एक बटण हाताशी असू द्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सीमा सरकण्याचे कारण आता नीट उमगले. आणखी एक विचारतो: चार्जर लावला की स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते, आणि काढला की थांबते. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात हे कसे टाळावे?

प्रतिसाद ३

हा ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा मिळाल्याने येणारी गुणगुण. इंटरफेसमधून बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण रोखणारी) केबल काढा, इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स हे जोडउपकरण ठेवा आणि त्यावरचे ग्राउंड लिफ्ट, म्हणजे आवाजाच्या केबलमधली अर्थिंगची वाट तोडणारे बटण, दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात तो जिवावर बेतू शकतो. शक्य असेल तर की-बोर्डचे स्वतःचे आउटपुटही मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला जोडून ठेवा. एरवी की-बोर्डचे ‘लोकल’, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज वाजवण्याची सोय, बंद असावे; लॅपटॉप अडलाच तर ते चालू करा आणि त्याच्याच पियानोवर गाणे पूर्ण करा. त्या वेळी पट्टी मात्र की-बोर्डवरच बदलावी लागेल, म्हणून प्रत्येक गाण्यापुढे उणे-अधिक आकडा कागदावर लिहून ठेवावा.