प्रारूप विकास योजनेत ओढा गायब, टेकडीचा पायथा पिवळा: हरकत नेमकी कशी लिहावी?

पायथ्याचा रहिवासी

आमच्या नगरपरिषदेच्या सुधारित विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला आहे. हरकतींच्या ३० दिवसांतले ९ गेले. हद्दीच्या पश्चिमेला टेकडी आहे. तिच्या पायथ्याची साधारण ११ हेक्टर जमीन आजवर शेती विभागात होती, नव्या नकाशात ती रहिवास विभागात, म्हणजे पिवळी दाखवली आहे. टेकडीवरून उतरणारा ओढा जुन्या गाव नकाशात ठळक आहे. प्रस्तावित भूवापर नकाशात मात्र त्याची निळी रेघ पायथ्याशी येऊन थांबते आणि तिथूनच १२ मीटरचा रस्ता सुरू होतो.

घरं नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही. गावात भाड्याची खोली मिळणं मुश्कील झालंय, घरं हवीतच. पण उतार कापून आणि पाण्याची वाट अडवून बांधलेलं घर, ते विकत घेणाऱ्यालाच गोत्यात आणतं.

विचारायचं ते असं: हरकतीत काय लिहिलं तर ती विचारात घेतली जाते? सगळ्यांनी मिळून एक अर्ज द्यावा की वेगवेगळे? आणि त्या जागेवर उद्यानाचं आरक्षण मागावं की शेती विभाग कायम ठेवा असं म्हणावं?

मोजणीदार

पहिली गोष्ट, मुदत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खालची मुदत राजपत्रातल्या सूचनेपासून धरा, वर्तमानपत्रात वाचलं त्या दिवसापासून नको. कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकून थांबू नका, त्याचं उत्तर यायलाच ३० दिवस लागतात. मसुद्याचे नकाशे आणि अहवाल कार्यालयात पाहायला ठेवणं बंधनकारक आहे, त्यांतल्या हव्या त्या भागाच्या प्रती विकतही मिळतात. आज जाऊन तीन गोष्टी घ्या: विद्यमान भूवापर नकाशाची तुमच्या भागाची शीट, प्रस्तावित भूवापराची तीच शीट, आणि अहवालातलं लोकसंख्येचं व क्षेत्रफळाचं प्रकरण. ओढा पहिल्या शीटवर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं निघालं तर अर्धं काम झालं. ती विरोधाभासाची चूक ठरते, मतभेद उरत नाही.

मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा आणि गटवारीआधीचा (तुकडे जोडून गट पाडण्याआधीचा) सर्व्हे नंबरचा गाव नकाशा काढा. ओढा दोन रेघांनी दाखवला असेल तर पट्टी लावून रुंदी मोजा आणि ती आकड्यात लिहा. सातबारे ऑनलाइन मिळतात, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांना. त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वर्ग 'ब' किती आहे ते बघा. रस्ते, पाण्याचे प्रवाह यांची जागा त्या वर्गात धरतात. आपल्या गटातला 'ब' चा आकडा आणि नकाशावरून मोजलेलं ओढ्याचं क्षेत्र जवळपास जुळलं, तर त्याहून बळकट पुरावा नाही. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र शासनाचं असतं, दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झाला नसेल तर. हे वाक्य हरकतीत असू द्या.

लिहिताना एका अर्जात एकच मुद्दा. ओढ्याचा वेगळा, उताराचा वेगळा, रस्त्याचा वेगळा. प्रत्येकात शीट क्रमांक, गट क्रमांक, मसुद्यात काय दाखवलंय, प्रत्यक्षात काय आहे आणि नेमका कोणता बदल हवा. बहुतेक अर्ज पडतात ते या शेवटच्या ओळीपायी. 'पर्यावरणाचा विचार व्हावा' यावर समितीला काहीच करता येत नाही. 'गट क्रमांक अमुक ते तमुकमधून जाणारा ओढा सलग दाखवावा व १२ मीटर रस्त्याची आखणी त्याच्या पूर्वेला सरकवावी' यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स देऊ नका. त्या सगळ्या एकत्र करून एकच शेरा मारला जातो. दहा जणांनी आपापल्या गटापुरते, वेगळ्या पुराव्याचे दहा अर्ज द्यावेत. ईमेल केला तरी कागदी प्रत देऊन आवक क्रमांक घ्याच.

पाणलोट

ओढ्याच्या अर्जाला हिशोब जोडा, अवघड नाही. पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये, त्यांना वाहून जाण्याच्या गुणांकाने (पडलेल्या पावसाचा किती हिस्सा न मुरता वाहतो तो आकडा) गुणा आणि ३६० ने भागा. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं.

समजा टेकडीचं पाणलोट ६० हेक्टर आणि ताशी ८० मिमीची सर. गवत-झाडीच्या उताराला गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला ४ घनमीटर. तोच उतार छपरांनी, फरशांनी आणि डांबराने झाकला, गुणांक ०.७ झाला, की ९.३ घनमीटर. पाऊस तोच, पाणी सव्वादोन पट. आता रस्त्याखालून ओढा 'वळवण्यासाठी' सहसा टाकतात तो ९०० मिमीचा पाइप बघा. १:१०० उतारावर काठोकाठ भरून तो सेकंदाला जेमतेम १.८ घनमीटर नेतो. म्हणजे आजच्या पाण्यालाच असे तीन पाइप लागतील, बांधकाम झाल्यावर सहा. आणि हे कोऱ्या पाइपाचं गणित आहे. टेकडीवरून पाण्याबरोबर मुरूम, पालापाचोळा, प्लास्टिक येतं, पहिल्या दोन सरींतच तोंड अर्धं बुजतं. उघड्या पात्रात गाळ दिसतो आणि काढता येतो, बंद पाइपात तो पूर आल्यावरच कळतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. तोही एरवी 'नाला' म्हणूनच दुर्लक्षित होता.

निळ्या आणि लाल पूररेषेवर विसंबू नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जलसंपदा विभाग त्या मुख्यतः नद्यांसाठी आखतो. तुमच्या ओढ्याला त्या बहुधा नसतील, आणि रेषा नाही म्हणजे पूर नाही असा सोयीचा अर्थ काढला जातो. म्हणून पात्र सलग दाखवण्याबरोबरच 'प्रवाहाचा जलशास्त्रीय अभ्यास झाल्याशिवाय तो वळवण्यास, अरुंद करण्यास किंवा बंदिस्त करण्यास परवानगी देऊ नये' अशी टीप नकाशावर मागा. अधिनियमाच्या कलम २२ मध्ये पूरनियंत्रण हा विकास योजनेचा विषय म्हणूनच दिलेला आहे.

बांधावरून

आरक्षण की विभाग, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण सगळं त्यावरच अडतं. उद्यानाचं आरक्षण कानाला गोड लागतं. पण आरक्षण टाकलं की जमीन ताब्यात घ्यावी लागते, कलम १२६ प्रमाणे पैसे, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन. छोट्या नगरपरिषदेकडे तेवढे पैसे नसतात. १० वर्षं गेली की मालक कलम १२७ ची नोटीस देतो, पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं, आणि जमीन शेजारच्या जमिनीसारखी वापरता येते. शेजार पिवळा असेल तर तीही पिवळीच. पुण्यात १९९७ साली समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान दाखवलं. २०१५ मध्ये शासनाने त्याला ८ टक्के टीडीआरसह मान्यता दिली, तरी मोबदल्याचा वाद मिटलेला नाही. तिथे महापालिका मोठी आहे, तुमच्याकडे काय होईल याचा विचार करा. विभाग ठरवला तर संपादन लागत नाही आणि तो व्यपगतही होत नाही. म्हणून उतारासाठी विभाग मागा, आरक्षण नको.

दुसरं, अकराच्या अकरा हेक्टर परत हिरवी, म्हणजे शेती विभागात, करा असं म्हणू नका. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम, उताराची कटाई, भराव यांना मनाई आहे, विभाग कोणताही असो. तेवढा भाग मालकाला तसाही बांधता येत नाही, मग पिवळा रंग देऊन त्याला खोटी आशा का लावायची? पण रस्त्यालगतचा सपाट तुकडा घरांसाठी गेला तर हरकत कशाला? ज्यांची दोन-तीन एकरच जमीन आहे त्यांच्या पोटावर पाय देणारी मागणी न्याय्य नाही आणि सुनावणीत टिकतही नाही.

घरांचा हिशोबही मांडा. अहवालात प्रक्षेपित लोकसंख्या असते. समजा ३०,००० माणसं वाढणार आणि हेक्टरी १५० धरली, तर २०० हेक्टर पुरतात. मसुद्यात ३०० हेक्टर नवा रहिवास विभाग असेल तर टेकडीचा तुकडा वगळून कुणाचं घर जात नाही, हे दोन ओळींत सिद्ध होतं. जोडीला गेल्या योजनेतले अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी राखलेले आणि आजही मोकळे पडलेले भूखंड गट क्रमांकासह द्या. घरं कुठे व्हावीत हे सांगणाऱ्या हरकतीला विकासविरोधी म्हणता येत नाही.

पायथ्याचा रहिवासी

हे फार उपयोगी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजल्या. उंचीत २० मीटरचा फरक असलेल्या दोन रेषांत वरच्या भागात दीड मिलिमीटर अंतर आहे, रस्त्याजवळ चार. यावरून उतार सांगता येईल का?

मोजणीदार

येईल. त्या प्रमाणात १ मिमी म्हणजे ५० मीटर. वर ७५ मीटरला २० मीटर चढ, म्हणजे १:३.७५, नियमात बसत नाही. खाली २०० मीटरला २०, म्हणजे १:१०. १:५ ची मर्यादा बरोबर दोन मिलिमीटर अंतरावर येते. जिथे अंतर दोन मिलिमीटर होतं तिथली रेघ शीटच्या प्रतीवर आखा आणि 'या रेषेच्या वर शेती विभाग कायम ठेवावा' अशी मागणी करा. नकाशा ढोबळ आहे हे मान्य करून टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) उंचीच्या १ मीटर फरकाच्या समोच्च रेषांची मोजणी नगरपरिषदेनेच करावी, असंही लिहा.

ही नोंद आत्ताच होणं फार गरजेचं आहे. पिवळा रंग पडला की आधी मुरूम काढायच्या नावाखाली उताराला टप्पे पाडतात आणि नंतरच्या मोजणीत उतार १:८ निघतो. दिनांकासह फोटो काढून ठेवा. उत्खनन दिसलं तर त्याच दिवशी तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, विनापरवाना गौण खनिज (मुरूम, माती) उत्खननावर महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड होतो.

सुनावणी नियोजन समितीपुढे होईल. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. वेळ फार थोडा मिळतो, त्यामुळे भाषण नको. दोन्ही शीटचे तुकडे ए३ कागदावर शेजारी छापा, ओढा निळ्या शाईने, उताराची रेघ लाल शाईने, सात प्रती.

समितीने मान्य केलं म्हणून गाफील राहू नका. योजना शासनाकडे जाते आणि मंजुरीच्या वेळी कलम ३१ खाली मोठे बदल 'वगळलेला भाग' म्हणून पुन्हा हरकतींसाठी येतात. ती सूचना छोट्या अक्षरात येते आणि बरेच जण तिथे हुकतात. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली एखाद्या गटापुरता फेरबदल करता येतो, त्यालाही महिन्याभराची हरकतीची मुदत असते. दोघातिघांनी आलटून पालटून दर आठवड्याला राजपत्र आणि नगरपरिषदेचा सूचना फलक बघायचं ठरवून घ्या.