मदत हवी आहे: आईच्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ, बायोप्सी करावी का?

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, कोकणात गावी असते. उजव्या अंगठ्याच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत उभी काळपट रेघ आहे. गणपतीत पाहिली तेव्हा पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक होती. आता शिमग्याला मोजपट्टी लावली तर ३ मिलिमीटरहून थोडी जास्तच भरली. दुखत नाही, खाजत नाही.

आई म्हणते, नारळ सोलताना लागलं असेल. मलाही आधी तेच वाटलं. पण साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे एव्हाना अख्खं नख नवीन आलं. तरी रेघ मुळातूनच उगवतेय.

मेडिकलवाल्याने न तपासता बुरशीचं मलम दिलं. दोन महिने लावलं, काही फरक नाही. बुरशीने नख बहुधा पिवळट, जाड आणि भुसभुशीत होतं, आईचं अगदी गुळगुळीत आहे. शेजारच्या काकू कॅल्शियम कमी म्हणतात. बी१२ कमी झालं तरी नखं काळवंडतात, आणि आई शाकाहारी, म्हणून ते तपासून घेतलं. व्यवस्थित आलं.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. ते म्हणाले, आपल्यासारख्या सावळ्या लोकांत अशा रेघा पुष्कळांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, पण त्या सहसा तीन-चार नखांवर दिसतात. इथे एकच नख, तेही अंगठ्याचं, वय साठीपुढचं, आणि रेघ रुंदावतेय. डर्मोस्कोपमधून, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, पाहिल्यावर रेघेतल्या बारीक रेषांची जाडी आणि रंग एकसारखे नाहीत. नखाच्या मुळाशी कातडीवर काळेपणा उतरलेला नाही, एवढाच दिलासा. नखाखालचा मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग) नाही ना, याची खात्री बायोप्सीशिवाय, म्हणजे तिथला लहानसा तुकडा काढून तपासल्याशिवाय, होणार नाही म्हणाले.

तेव्हापासून मला झोप नाही आणि आई ऐकत नाही. "नख उपटल्यावर भाकरी कशी थापू?" हे तिचं एकच. कुणी घरच्यांची ही तपासणी केली आहे का? खूप दुखतं का? नख परत नीट येतं? आणि नुसतं नख कापून लॅबमध्ये दिलं तर चालणार नाही का?

प्रतिसाद

ताई, माझ्या वडिलांची दोन वर्षांपूर्वी केली. बोटाच्या बुडाशी भुलीचं इंजेक्शन देतात, तेच काय ते जोरात दुखतं. मग नखामागची कातडी बाजूला करून मुळातला लहानसा तुकडा घेतात. दोन दिवस ठणका होता, हात उंच ठेवायला सांगितलं होतं. नख परत आलं, मधोमध बारीक खाच राहिली. रिपोर्ट चांगला निघाला.

नख कापून देणं बुरशी शोधायला ठीक. इथे रंग मुळाशी तयार होतोय, तर तुकडा तिथलाच हवा. चुकीच्या जागचा घेतला तर रिपोर्ट चांगला येऊनही उपयोग नाही. म्हणून नखाच्या बायोप्सी नेहमी करणारे डॉक्टरच गाठा. आणि थांबू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "उजवा हात आहे, तेवढे दिवस तू येऊन राहशील ना?" सोमवारी निघतेय.