शब्दचर्चा : ‘सुधारणा’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

सहकारी पतसंस्थांसाठी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या ऐरोलीतील एका लहान कंपनीत मी गुणवत्ता विभागाचे काम पाहतो. आमची कार्यपद्धतीची पुस्तिका इंग्रजीत आहे. ती आता पतसंस्थांचे सचिव आणि लेखनिकही वाचणार असल्यामुळे मराठीत करावयाची आहे. ‘प्रोसेस इम्प्रूव्हमेंट’साठी ‘प्रक्रिया सुधारणा’ असे लिहिले आणि तिथेच अडलो, कारण ‘करेक्शन’, ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ आणि ‘इम्प्रूव्हमेंट’ या तिन्हींची मसुद्यात ‘सुधारणा’च झाली आहे. तपासणीच्या तक्त्यातील ‘केलेली सुधारणा’ या रकान्यात एका सहकाऱ्याने ‘चुकीची नोंद बदलली’ एवढेच लिहिले, आणि त्याचे काही चुकले असे मला म्हणता येईना. कृपया तीन अर्थांना तीन शब्द सुचवावेत. ‘प्रक्रिया’ हा शब्दही थोडा खटकतो. बोलताना आमच्याकडे सगळे ‘प्रोसेस’च म्हणतात.

पहिला प्रतिसाद, ठाण्याहून

‘प्रक्रिया’ आपल्याला का खटकते, याचे उत्तर आपल्या रोजच्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यातच आहे. त्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आधी आले आणि संगणकवाले नंतर. ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’ किंवा ‘फळप्रक्रिया उद्योग’ या शब्दांत प्रक्रिया नेहमी कशावर तरी केली जाते. आपली ‘प्रोसेस’ मात्र काम करण्याची ठरलेली रीत असते. तरीही हा शब्द टाकू नये असे मला वाटते. संस्कृत व्याकरणात शब्दाचे रूप ज्या क्रमाने सिद्ध होते त्या क्रमालाच प्रक्रिया म्हणतात, आणि ‘प्रवेश प्रक्रिया’, ‘निवडणूक प्रक्रिया’ हे त्याच अर्थाचे प्रयोग आज घरोघरी रुळले आहेत. कामाच्या क्रमाला ‘प्रक्रिया’ आणि तो क्रम कसा पाळावा हे सांगणाऱ्या लेखी मजकुराला ‘कार्यपद्धती’ म्हटले, तर पुस्तिकेत गोंधळ होणार नाही.

खरी अडचण ‘सुधारणा’ची आहे. हा शब्द मराठीत फार राबला आहे. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढले तेव्हा त्यात समाज बदलण्याची आकांक्षा होती. विधिमंडळाच्या ‘सुधारणा विधेयका’त मात्र कधी कधी एका कलमातला एकच शब्द बदलतो. आयएसओ ९००० या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या परिभाषेत सापडलेली चूक दूर करणे वेगळे आणि त्या चुकीचे कारण दूर करणे वेगळे मानले आहे. पहिल्यासाठी ‘दुरुस्ती’ आणि दुसऱ्यासाठी ‘निवारण’ घ्यावे, आणि ज्या बदलामुळे संस्थेची काम करण्याची कुवत वाढते त्याच्यासाठीच ‘सुधारणा’ राखून ठेवावी.

उदाहरण माझ्या नोकरीतले देतो. एका पतसंस्थेत १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता आपोआप पडणाऱ्या आरंभीच्या शिलकेच्या नोंदी रोजकीर्दीत ३१ मार्चच्या तारखेने उतरल्या, कारण सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे होते. आम्ही त्या नोंदींच्या तारखा बदलल्या. ही दुरुस्ती झाली. पुढच्याच आठवड्यात प्रोग्रॅममध्ये भारतीय वेळ धरण्याची सोय केली, आणि त्याला सगळ्यांनी निवारण मानले. परंतु बारकाईने पाहिले तर हे ‘निवारण’ कुठे उभे राहून पाहतो यावर अवलंबून आहे. पतसंस्थेच्या बाजूने पाहिले तर प्रोग्रॅम बदलणे हे कारण दूर करणे होते. प्रोग्रॅम तयार करणाऱ्या आमच्या प्रक्रियेच्या बाजूने पाहिले तर तो प्रोग्रॅम हीच एक चुकीची नोंद होती, आणि तो बदलणे ही पुन्हा दुरुस्तीच. प्रोग्रॅम तपासताना विचारायच्या प्रश्नांच्या यादीत वेळेसंबंधी एकही प्रश्न नव्हता, हे कारण आमच्या लक्षात यायला दुसरे आर्थिक वर्ष आणि दुसरी पतसंस्था लागली. आपल्या सहकाऱ्याच्या हातून तोच घोटाळा झाला आहे. आम्ही तो पगार घेऊन वर्षभर केला.

दुसरा प्रतिसाद

वरील मत बहुतांशी मान्य आहे, मात्र सुटे ‘निवारण’ घेऊ नये. ‘तक्रार निवारण कक्ष’ या पाटीमुळे तो शब्द तक्रारदाराची समजूत घालण्याशी जोडला गेला आहे. तिथे कारण तसेच राहते आणि तक्रार निकाली निघते. ‘कारणनिवारण’ असा पूर्ण शब्द घ्यावा. ‘सुधारणा’ऐवजी ‘सुधार’ लिहिले आणि तो हिंदीचा शब्द आहे असे कोणी म्हणाल्यास मुंबई महानगरपालिकेची ‘सुधार समिती’ आणि ‘नागपूर सुधार प्रन्यास’ दाखवावेत. तरी ‘सुधारणा’ ऐकायला अधिक सरळ आहे.

पुस्तिकेत परिपक्वतेच्या, म्हणजे संस्थेच्या प्रक्रिया किती पक्क्या झाल्या आहेत हे दाखवणाऱ्या, पाच पातळ्यांचे कोष्टक असल्यास एक धोका सांगून ठेवतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटने, वॉट्स हम्फ्री यांच्या विचारांच्या आधारे, सीएमएम (कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) हा या पातळ्यांचा नमुना तयार केला. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत ‘मॅनेज्ड’ ही चौथी पातळी होती आणि दुसरीचे नाव ‘रिपीटेबल’ होते. त्याच्या जागी नंतर आलेल्या सीएमएमआय या नमुन्यात ‘मॅनेज्ड’ हेच नाव दुसऱ्या पातळीवर आले आणि चौथीला ‘क्वान्टिटेटिव्हली’ हे विशेषण जोडले गेले. त्यामुळे ‘व्यवस्थापित’ एवढाच शब्द लिहिला, तर जुने कोष्टक पाहिलेला वाचक दोन पायऱ्या वर चढून बसेल. दुसरीला ‘व्यवस्थापित’ आणि चौथीला ‘मोजमापाने नियंत्रित’ म्हणावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. तक्त्यात आता ‘दुरुस्ती’, ‘कारणनिवारण’ आणि ‘प्रक्रियेतील सुधारणा’ असे तीन रकाने केले आहेत. पहिला रकाना सगळे भरतात, दुसरा विचारल्यावर भरतात, आणि तिसऱ्यात बहुतेक जण आडवी रेघ मारतात. त्या रेघेऐवजी ‘लागू नाही’ छापून द्यावे का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘लागू नाही’ छापू नये, कारण मग कोणी विचारच करणार नाही. सरकारी विवरणपत्रांतला ‘निरंक’ हा शब्द घ्यावा आणि तो हाताने लिहायला लावावा. ‘निरंक’ लिहिणारा मनुष्य मी पाहिले आणि काही आढळले नाही असे स्वतःच्या सहीनिशी सांगत असतो, तर रेघेवरून त्याने पाहिले की नाही हे कळत नाही. आमच्या त्या पहिल्या वर्षीच्या तक्त्यात रेघच होती.